पिठाची बाहुली आणि सातवं बोअर

आमच्या लहानपणी सिनेमा गावात यायचा तो जत्रेला, तंबूतून. तंबूवाला ओढ्याच्या वाळूत खांब रोवायचा आणि दुपारपासून भोंगा सुरू करायचा. मशीन एकच. रीळ संपलं की अंधार आणि शिट्ट्या. 1975 साली निघालेला 'जय संतोषी माँ' आमच्याकडे पुढच्या जत्रेला आला. मी तेव्हा नववीत होतो. आयसंगं गेलो. बायकांनी चपला तंबूबाहेर काढल्या, जशा देवळाबाहेर काढतात तशा. पडद्यावर देवी आली की पुढच्या वाळूत पैशांचा पाऊस. एका म्हातारीनं तर ताटलीत कापूर पेटवला. तंबूवाला 'कापड पेटंल, मावशे' म्हणत धावत आला. आयनं कनवटीचे दहा पैसे काढून टाकले.

येताना मी शहाणपणा केला. म्हणालो, "आय, ती नटी हाय. खरी देवी न्हवं."

आय म्हणाली, "मला कळतंय की. देवी खोटी आसंल, माझा नवस तर खरा हाय?"

मी दहावीपर्यंत शिकलो आणि पुढं औत धरलं. सिनेमावर शिकलेली माणसं लिहितात ते मी वाचत आलो. नटानं काम कसं केलं, कॅमेरा कसा होता, ते सगळं त्यात असतं. पण समोर बसलेलं माणूस कोणत्या घरून उठून आलंय, त्याच्या पोटात काय आहे, हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून 'तुंबाड' या एका सिनेमाबद्दल मी माझ्या परीनं लिहितो. तो मी दोनदा पाहिला. एकदा घरात आयबरोबर, एकदा पुण्यात नातवाबरोबर.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिनेमा हिंदी आहे, पण माती आपली. राही बर्वे यांनी तो केला. 'डोंगर म्हातारा झाला' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे हे चिरंजीव. गोष्टीचं बी नारायण धारपांच्या भयकथांमधलं आणि गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळं आपल्या कानावरचं. सिनेमात सांगितलंय ते असं. समृद्धीची एक देवी. तिच्याकडं सोनंही अमाप आणि धान्यही अमाप. तिचा थोरला लाडका मुलगा हस्तर. त्याला दोन्ही हवं होतं. सोनं त्यानं घेतलं. धान्याला हात घालायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला वाचवलं आणि आपल्या पोटात लपवलं. त्याची पूजा कुणी करायची नाही, अशी अट पडली. तुंबाडच्या एका घराण्यानं तरी त्याचं देऊळ बांधलं, म्हणून त्या गावावर देवांचा कोप झाला. तो कोप म्हणजे पाऊस. कधी न थांबणारा पाऊस.

त्या घरातला विनायक मोठा झाल्यावर विहिरीतून दोरानं खाली, देवीच्या पोटात उतरतो. भोवती पिठाचं रिंगण आखतो, कारण हस्तरला ते ओलांडता येत नाही. मग कणकेची बाहुली टाकतो. हस्तर भुकेला, तो बाहुलीवर झडप घालतो. तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून पडतील तेवढ्या मोहरा घेऊन विनायक वर पळतो. हस्तरचा स्पर्श झालेला माणूस मरतही नाही आणि जगतही नाही, नुसता सडत राहतो. गोष्ट 1918 ला सुरू होते आणि 1947 ला संपते.

आम्ही तो पहिल्यांदा पाहिला 2020 च्या टाळेबंदीत. नातू पुण्याहून घरी अडकला होता. त्यानं मोबाईल टीव्हीला जोडला. मी, मंडळी, थोरला पोरगा, सूनबाई आणि आय. आयचं वय तेव्हा ब्याऐंशी. तिला हिंदी येत नव्हतं, म्हणून नातू शेजारी बसून सांगत होता.

आमचा भाग माणदेशाचा. आभाळाकडं बघून मान अवघडणारी माणसं आम्ही. सिनेमा सुरू झाला, माळ, दरडी, काळा वाडा, आणि सगळ्यावर धो धो पाऊस. आय म्हणाली, "किती पडतोय रं ह्यांच्याकडं!"

नातू म्हणाला, "मोठी आज्जी, तो शाप आहे त्यांना."

"पावसाचा शाप?" आय जरा थांबली. "आमाला द्या म्हणावं त्यो."

सगळे हसले. पुढं मात्र हसणं बंद झालं. साखळीनं बांधलेली म्हातारी आली तेव्हा सूनबाई धाकट्या पोरीला उचलून आत गेली, ती परत बाहेर आलीच नाही. मंडळींनी पदर डोळ्यांवर घेतला आणि पदराआडून सगळा सिनेमा पाहिला. पोरगा मध्येच म्हणाला, "एवढ्या मोहरांचं आज किती हुईल?" आणि मोबाईलवर सोन्याचा भाव काढून बसला.

मग हस्तर आला. लाल अंग, डोक्यावर मुकुट, भिंतीवरून सरपटत आला आणि बाहुलीवर पडला. सगळे ओरडले. मी पण दचकलो. एकटी आय ओरडली नाही. ती म्हणाली, "भुकंजलंय गं लेकरू."

नातवानं समजावलं, "अगं, तो राक्षसासारखा आहे. लोभी आहे. त्याला सगळंच पाहिजे होतं."

"आयनं सोनं घिऊ दिलं न्हवं त्याला?"

"हो."

"मग भाकरी का न्हाय दिली? सोनं काय खातंय व्हय कुणी?"

नातवाला हसू आलं. मला आलं नाही, कारण आय कुठून बोलत होती ते मला ठाऊक होतं.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा वर्षांचा. आय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची. ती स्वतः खायची नाही, पदरात बांधून आम्हा भावंडांना आणायची. घरात मिलोची लाल भाकरी. नंतर तीही पुरेना. तेव्हा आयच्या गळ्यात लग्नातलं डोरलं होतं. म्हणजे सोनं होतं, पीठ नव्हतं. ते डोरलं तालुक्याच्या एका सावकाराकडं गेलं आणि ज्वारीचं पोतं घरी आलं. डोरलं परत काही आलं नाही. आय मरेपर्यंत काळ्या मण्यांची पोत घालून राहिली. सोनं आणि पीठ यांत काय मोठं, हे तिला कुठल्या देवीनं सांगायची गरज नव्हती. सगळं घर विनायकाच्या बाजूनं बसून हस्तरला भीत होतं. आय हस्तरच्या बाजूनं बसली होती.

2022 च्या उन्हाळ्यात आय गेली.

दुसऱ्यांदा पाहिला तो 2024 च्या सप्टेंबरात. डोळे दाखवायला पुण्याला गेलो होतो. नातू म्हणाला, "आबा, तुंबाड पुन्हा लागलाय. हा मोठ्या पडद्यावरच बघायचा." ऑक्टोबर 2018 मध्ये पहिल्यांदा लागला तेव्हा तो थेटरात बेताचाच चालला होता. मग घराघरांत टीव्हीवर, मोबाईलवर पोचला आणि लोकांनी एकमेकांना सांगितला. सहा वर्षांनी पुन्हा लागला तेव्हा त्यानं पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. एकदा करपलेलं रान पुन्हा फुटावं तसं झालं. आमच्याकडं असं क्वचित घडतं, सिनेमाच्या धंद्यातही क्वचितच घडत असेल.

थेटर भरलेलं. सगळी विशी-पंचविशीतली पोरं-पोरी. बहुतेकांनी आधी पाहिलेला. पडद्यावर नाव आलं तशा शिट्ट्या. मला एकदम ओढ्यातला तंबू आठवला. काहीजण नटाच्या आधीच वाक्य म्हणत होते, हरिपाठ म्हणावा तसे. माझ्यामागं एक पोरगा शेजारच्या पोरीला 'आता बघ, आता बघ' म्हणत होता. भीतीची जागा सगळ्यांना ठाऊक होती आणि तरी तिथं सगळे गप्प झाले. म्हातारीच्या अंगातून झाड उगवलंय आणि तिचं काळीज अजून धडधडतंय, हे दिसलं तेव्हा मक्याच्या लाह्या चावायचा आवाजसुद्धा थांबला.

मध्यंतरात सगळीकडं एकच बोलणं. कॅमेरा काय आहे, रंग काय आहेत, हॉलिवूडच्या तोडीचा आहे. ते खोटं नाही. पंकज कुमार यांचा कॅमेरा आहे. बाहेर सगळं करडं आणि शेवाळी, वाड्यात कंदिलाचा पिवळा उजेड आणि देवीच्या पोटात लाल. आमच्या टीव्हीवर हे कळलंच नव्हतं. मी शेतकरी माणूस, माझी नजर ओलीवर. भिंतीची ओल, दाराची फुगलेली फळी, अंगाला चिकटलेलं धोतर, यातलं काही नळीनं पाणी मारून केल्यासारखं वाटत नाही. नातवानं सांगितलं, खऱ्या पावसासाठी ही मंडळी कित्येक पावसाळे थांबली, सिनेमा पुरा व्हायला सहाएक वर्षं गेली. पावसासाठी थांबणं काय असतं ते आम्हाला विचारा! आणि गंमत अशी की वाड्याचं चित्रीकरण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झालं. सासवड म्हणजे आमच्यासारखाच पर्जन्यछायेचा मुलूख. पडद्यावर शापानं पाऊस पडतोय आणि खरा वाडा उभा आहे पावसाची वाट बघणाऱ्या गावात.

सिनेमा संपला. टाळ्या पडल्या. जिना उतरताना चार पोरं म्हणत होती, 'लोभ वाईट रे बाबा', आणि हसत खायच्या दुकानाकडं वळली. त्यांना मी नावं ठेवत नाही. घरी पाहिला तेव्हा मीही हेच म्हणालो होतो आणि झोपलो होतो. लोभ वाईट, म्हणजे त्या विनायकाचा. आपला त्यात काय संबंध? बघणाऱ्यांनी या सिनेमाचं कौतुक भरपूर केलं, पण बहुतेकांनी तो दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून पाहिला, असं मला वाटतं.

मोठ्या पडद्यावर मात्र मला ते जमलं नाही. विनायक दोर धरून विहिरीत उतरायला लागला आणि माझ्या तळहाताला घाम सुटला. कारण सांगतो. लिहायला जड जातंय, पण त्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

माझ्या रानात सात बोअरं आहेत. 2003 च्या दुष्काळानंतर पहिलं मारलं, 220 फूट. दोन इंची पाणी लागलं. डाळिंब लावलं. पहिल्या बहारात पोरीचं लग्न झालं, दुसऱ्यात घरावर स्लॅब पडला. मग पाणी खाली गेलं. दुसरं बोअर, तिसरं बोअर. दर खेपेला आधीच्यापेक्षा खोल, दर खेपेला वर येणारं पाणी कमी. 2012-13 ला गावात टँकर होता, जनावरं छावणीत होती आणि मी पाचव्या बोअरची जागा बघायला पाणाड्याला घेऊन फिरत होतो. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. तशीच आशा विनायकाच्या तोंडावर दिसते.

सातवं 2016 ला. 740 फूट. शेतीसाठी 200 फुटांच्या खाली जायला कायद्यानं मनाई आहे, हे मला ठाऊक होतं. गाडीवाल्यालाही ठाऊक होतं, म्हणून गाडी रात्री आली. बोअर मारताना पांढरी भुकटी उडते. सकाळी बघतो तर झाडं, गोठा, बैलांच्या पाठी, सगळं पिठानं माखल्यासारखं. दीड इंची पाणी लागलं. मी नारळ फोडला, पेढे वाटले.

चौथ्या दिवशी बांधापलीकडच्या चुलत्याच्या पोराची विहीर कोरडी पडली. दादा म्हणतो आम्ही त्याला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. ती विहीर आमच्या आज्यानं बांधलेली, पन्नास फुटी, वाटणीत त्यांच्याकडं गेलेली. बहात्तरलासुद्धा तिच्यात बुडाला ओल होती. दादा बांधावर येऊन उभा राहिला. शिवी नाही, भांडण नाही. माझ्या पाईपातून पडणाऱ्या पाण्याकडं बघितलं आणि निघून गेला. तेव्हापासून आठ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आयच्या मातीला आला, खांदा दिला, पण बोलला नाही.

सिनेमात शेवटी विनायकाचा पोरगा पांडुरंग म्हणतो, एकच बाहुली कशाला, पुष्कळ नेऊ, म्हणजे हस्तर खात बसंल आणि लंगोटच काढून घेता येईल. बाप खूश होतो. दोघं पिठाच्या बाहुल्या करत बसतात. तिथं थेटरातली पोरं हसली. मला घरचं बोलणं ऐकू आलं. त्याच महिन्यात माझा पोरगा म्हणाला होता, "आप्पा, एकाएकानं काय हुतंय? एकदम तीन मारू आणि शेततळं भरून घेऊ." आणि मी 'बघू' म्हणालो होतो. पडद्यावर बाहुल्या पुष्कळ नेल्या, तर हस्तरही तेवढेच आले. आमच्या शिवारात आज घरांपेक्षा बोअरं जास्त आहेत. प्रत्येकाला वाटतं, खालचं पाणी आपण एकटाच उपसतोय.

तर मला हा सिनेमा सोन्याचा वाटला नाही, पाण्याचा वाटला. करणाऱ्यांच्या मनात असं असेलच असं नाही. आय म्हणाली तसं, त्यांची देवी खोटी असली तरी माझं बोअर खरं आहे.

सिनेमात काही उणं नाही असं नाही. पहिलं म्हणजे तुंबाडात पीठ दिसतं, पण पेरणारा दिसत नाही. कोकण भाताचं आणि नाचणीचं. बाहुलीची कणीक गव्हाची असेल तर तो गहू घाटावरून गेलेला असणार. कुणीतरी तो पिकवला, कुणीतरी वाहिला. सरकारांचा एवढा वाडा उभा राहिला तो काय नुसत्या हस्तरच्या मोहरांवर? कोकणात खोतांचे वाडे कुळांच्या खंडावर उभे राहिले. ती पद्धत मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1937 ला असेंब्लीत बिल आणलं होतं आणि कायदा व्हायला 1949 साल उजाडलं. सिनेमा 1947 ला संपतो, सरकार वाडा ताब्यात घेणार एवढं सांगतो, पण कूळ कुठं दिसत नाही. धान्याच्या भुकेची गोष्ट सांगताना धान्य पिकवणाराच विसरला, ही मला मोठी चूक वाटते.

दुसरं, 1918. त्या साली मुंबई इलाख्यात पाऊस दगा देऊन गेला आणि वर मानमोडीची साथ आली. आमचा आजा सांगायचा, एक मढं पोचवून आलं की दुसरं दारात तयार. तुंबाडावर शाप होता म्हणून तिथं पाऊस, हे कबूल. पण बाहेरचा मुलूख वाळून चाललाय हे एका वाक्यात जरी आलं असतं, तरी त्या पावसाला दुप्पट धार आली असती.

तिसरं, विनायकाची आई. म्हाताऱ्या सरकाराची चाकरी करून ती एकच मोहर पदरात पाडून घेते आणि पोराला घेऊन गाव सोडते. परत यायचं नाही अशी शपथ घालते. पुरे कधी म्हणायचं हे त्या सगळ्या गोष्टीत आधी तिला कळलं होतं. पण सिनेमा तिला लवकर सोडतो. बघणारेही विसरतात. थेटराबाहेर सगळे हस्तरबद्दल बोलत होते, तिच्याबद्दल एकही नाही.

बसस्टँडवर नातवानं विचारलं, "आबा, कसा वाटला?" मी म्हणालो, "तुझी मोठी आज्जी काय म्हणाली होती, आठवतंय?" त्याला आठवत होतं. म्हणाला, "मला तेव्हा हसू आलं होतं." पुढं काही बोलला नाही.

गावी आल्यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दादाच्या सोप्यात जाऊन बसलो. काय बोलावं सुचेना. मग म्हणालो, "दादा, पुण्यात एक शिनिमा बघितला." आणि सगळी गोष्ट सांगत गेलो. पाऊस, वाडा, विहीर, बाहुली. दादा जात्याच ऐकणारा माणूस. तंबाखू मळता मळता ऐकत होता. विहिरीचं आलं तेव्हा त्याचा हात थांबला.

"मग शेवटी?" त्यानं विचारलं. आठ वर्षांतला पहिला शब्द.

"शेवटी बापाला हस्तर लागला. सडलेल्या हातानं त्यानं लंगोट पोराफुडं धरला, घे म्हणाला."

"पोरानं घेतला?"

"न्हाय. पोरगं न्हाय म्हणालं."

दादानं तंबाखू तोंडात टाकली. म्हणाला, "पोरगं शाणं निघालं. हितं म्हातारंच येडं." आणि आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

विहीर अजून कोरडीच आहे. सातव्या बोअरच्या पाण्याची एक पाळी आता दादाच्या रानाला जाते, तेवढंच. तीन बोअरांचं पोराच्या डोक्यातून गेलेलं नाही. गाडीवाल्याचा फोन येतो तेव्हा तो उठून अंगणात जाऊन बोलतो. मी त्याला म्हणालो, एकदा तो सिनेमा नीट बघ. तो म्हणाला, "बघितलाय की आप्पा. लोभ वाईट, हेच न्हवं?"